काचेवरची टकटक

एका दिवंगत इतिहासकारांचं, आता संग्रहालय झालेलं घर बघायचं हा हट्ट मावशीचा. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी म्हणाली, "एकदा त्या गल्लीत जाऊन येऊ. लहानपणी आम्ही त्यांच्या समोरच राहायचो." हे ती मला आजवर कधी बोलली नव्हती. माझी आईही नाही.

गल्ली अरुंद होती. कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा, पुढे कुलूप लागलेला छापखाना, मग लॉन्ड्री. तिच्या खिडकीतून वाफ थेट फुटपाथवर येत होती. मावशी त्या वाफेत थांबली. "आमची आई इथेच इस्त्री करायची." मावशीच्या लहानपणच्या घराच्या जागी आता गाड्या ठेवायची उंच इमारत होती. तिकडे मावशीने नुसती नजर टाकली.

घर दाखवणाऱ्या बाई तरुण होत्या आणि फार हळू बोलायच्या, जणू आत कुणी झोपलंय. वरच्या मजल्यावर इतिहासकारांची लिहायची खोली जशीच्या तशी ठेवली होती. टेबल, चष्मा, पुस्तकांच्या सरळ रांगा.

"इतकं नीटनेटकं कधीच नव्हतं," मावशी म्हणाली. "पाय ठेवायला जागा नसायची. चष्मेवाल्या काकांना मेल्यावर शिस्त लागली म्हणायची."

बाई हसल्या. पण मावशीचं हसू मधेच विरलं. टेबलाशेजारी एक ठेंगणं, निळं स्टूल होतं.

"हे कुणाचं ते आम्हाला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

"धाकटीचं." मावशी माझ्याकडे वळली. "माझ्या पाठची. तुझी आई तेव्हा तान्ही होती. आई कामावर, मी शाळेत, म्हणून धाकटी दिवसभर इथे बसायची. काका लिहायचे, ही चित्रं काढायची. माझी यायची वेळ झाली की स्टूल ओढत खिडकीशी न्यायची. मी कोपऱ्यावर वळले रे वळले की काचेवर टकटक."

"मग?" मी विचारलं.

"मग ताप आला. एक दिवस मी वळले आणि काच वाजलीच नाही. त्याच महिन्यात आम्ही गल्ली सोडली."

बाईंचा चेहरा उतरला होता. "आजी, सांगू का नको असं झालंय. हे स्टूल आम्ही रोज टेबलाशी ठेवतो. सकाळी ते खिडकीखाली सापडतं. मला आधी वाटलं झाडलोट करणारे सरकवत असतील. ते म्हणाले, आम्ही हातही लावत नाही."

मावशीने स्टुलावर तळवा ठेवला. वस्तूंना हात लावायची मनाई होती, पण बाईंनी तिला अडवलं नाही.

आम्ही खाली उतरलो तेव्हा दुपारच्या सुट्टीसाठी घर बंद करायची वेळ झाली होती. मावशी लॉन्ड्री मागे टाकून थेट कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत वळली, पाठीला दप्तर असल्यासारखी भरभर. मी तिच्याबरोबर होते. समोर बाई दाराला कुलूप घालत होत्या. आत कुणीच नव्हतं.

वर काच वाजली. टक, टक, टक. अधीर, लहान बोटांची.

बाईंच्या हातून किल्ली पडली. मावशीने मात्र मान वर करून हात हलवला आणि म्हणाली, "चल, आले मी. चल लवकर." मग ती न थांबता चालू लागली. चालताना तिचा एक हात अंगापासून जरा दूर, खाली सोडलेला होता, बोटं अर्धवट मिटलेली.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. स्टूल आता हलत नाही, रोज टेबलाशीच असतं, असं त्या सुटकेच्या आवाजात सांगत होत्या. मी मावशीला निरोप दिला.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि सोफ्यावर थोडी सरकून बसली. मला वाटलं, माझ्यासाठी जागा करतेय. मी बसायला गेले, तर तिने मला हातानेच थांबवलं.