हातांमागून येणारे शब्द

“बोलू नगंस, जगदेवी. दम राख. निस्ता हात हलीव.”

हे माझ्या मावशीचे शब्द. पहाटेच्या भूकंपात आम्ही दोघी एकाच भिंतीखाली सापडलो होतो. मी दगडांच्या फटीतून बोटं हलवत राहिले. दुपारी बाराच्या सुमाराला ती बोटं कुणाला तरी दिसली. मला काढलं, मावशी आतच गेली. तेव्हापासून माझं व्रत आहे. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की बारापर्यंत मौन. बारा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं.

लातूरच्या शाळेत चौथीचं मराठी माझ्याकडे आलं, आणि तास सकाळचा. म्हणून मी व्याकरण नाचून शिकवू लागले. नाम असलं की पाय रोवून उभं राहायचं. विशेषण चेहऱ्यावर आणायचं. क्रियापद आलं की सगळं अंग हलवायचं, हळू की धपाधपा ते क्रियाविशेषणानं सांगायचं. मी करून दाखवायची, पोरं वाक्य ओरडायची.

“चिडलेली म्हैस धपाधपा चालती!”

“म्हैस न्हाई बे, हेडसर हायत ते!”

मौनात हसू आवरणं फार अवघड.

वर्गातली तूबा मात्र ओरडत नसे. ती अडखळायची. पहिलंच अक्षर तीन-तीनदा यायचं, म्हणून कुणी तिला वाचायला उठवतच नसे. एक दिवस ती आपण होऊन पुढं आली. खांदे कानापर्यंत ओढले, डोळे मोठे केले, अंग चोरलं. मग दोन्ही हात सुटले आणि हातांमागून शब्द आले.

“भेदरलेली चिमणी भुर्रकन उडाली.”

अख्खं वाक्य. सगळ्यांत जास्त दचकली ती तूबाच. त्यानंतर ती रोज एक वाक्य बोलू लागली, फक्त त्या तासाला.

आमचे हेडसर राजशेखर अकरापर्यंत शाळेत असत, मग स्वतःच्या स्कॉलरशिपच्या क्लासवर जात. एका सकाळी ते दारात उभे राहिले.

“मॅडम, गावातली पोरं पहाटंपासून गणितं सोडवायलेत आन् आपली नाचायलेत. पालक इचारायलेत मला. उद्यापासून हा तास गणिताला. बाकंबी वाढवायलोत. तुमची हरकत न्हाई ना?”

ते थांबले. मी मान खाली घातली.

“न्हाई म्हणायलेत मॅडम,” असं स्वतःच ठरवून ते गेले.

खडू माझ्या हातातच होता. फळ्यावर दोन शब्द लिहिता आले असते. मौनानं मला अडवलं नव्हतं. मीच त्याच्याआड दडले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात भिंतीपासून भिंतीपर्यंत बाकं. पाय टाकायला जागा नाही. तूबा कोपऱ्यात, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला वर्गातलाच मुनीब. गणिताच्या नव्या मास्तरांनी नेमकं तिलाच उदाहरण वाचायला सांगितलं. उभी राहिली, पण गुडघे बाकात अडकलेले, कोपर हलवायला जागा नाही.

“ए... ए... एका...”

“गाडी सुरू होईना!” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

मी दारातून बघत होते. छातीवर पुन्हा तीच भिंत आली. तोंडात मातीची चव आली.

बारा वाजल्यावर तूबा नळापाशी भेटली.

“बाई, आपला त... त... तास?”

“उद्या सकाळी सरांशी बोलते.”

“सकाळी?” ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “तुम्ही तर...”

“हाव. लिहून न्हाई. बोलूनच.”

ती उजवा पाय एक पाऊल पुढं टाकून तशीच उभी राहिली. आमच्या तासाला भविष्यकाळ असा करायचा असतो.

आज पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं. रोज डोळे स्थिर होतात, आज झाले नाहीत. ‘देवा, माझ्या हातून व्रत मोडतंय,’ एवढंच मनात म्हटलं. मावशीला काय सांगावं ते सुचेना. तिनं दम राखायला सांगितला होता. कधी सोडायचा, ते सांगायला तिला वेळ मिळाला नाही.

विभूती लावली, लिंग गळ्यात घातलं. सवयीनं पिशवीत मौनात लिहून बोलायची पाटी-पेन्सिल टाकत होते, ती काढून ठेवली. नऊ वाजले होते. सर अकरापर्यंत असतात. दार ओढून घेतलं आणि शाळेच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यावर कुणी नाही असं बघून हळूच घसा खाकरला. सकाळचा माझा आवाज कसा येतो, मला ठाऊकच नव्हतं.