गेणबाच्या ताटातले घारगे

गेणबाच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, पण जिभेचे चोचले कमी झाले नव्हते. रात्रीच्या जेवणात गोड पाहिजे म्हणजे पाहिजे. सणावाराचं नव्हे, रोजचं. माले गावात त्या साली भाकरीबरोबर कांदा मिळाला तरी लोक गप जेवून झोपत होते. वरच्या गावांत धरणाचं काम चाललं होतं. तिथली भातखाचरं पाण्याखाली जायची होती, माणसं ऊर बडवत होती. गेणबाला घोर एवढाच, की आंबेमोहराच्या कण्या आता महागतील आणि खीर पातळ होईल.

खीर करायची त्याची सून साळूबाई. सासू मरून गेलेली, घरात बाई अशी ती एकटीच. कण्या आधी कोरड्या भाजायची, मग शिजवायची, आणि गूळ घालायची तो पातेलं चुलीवरून उतरल्यावर, म्हणजे दूध नासत नाही. कधी गुळवणीत कुस्करलेली चपाती, कधी नाचणीचं सत्त्व, आणि थंडी पडली की लाल भोपळ्याचे घारगे. घारगे दुधात भिजवून म्हातारा हिरड्यांनी चोखत बसायचा. पहिला घास देव्हाऱ्यात, मग तो, मग त्याचा मुलगा कोंडाजी. साळूबाईच्या वाट्याला पातेल्याची खरवड. तीही म्हातारा अधूनमधून मागून घ्यायचा.

देवाधर्माचा मात्र मोठा कडक. मागल्या साली शेजारच्या तुळजाबाईच्या घरी सुतक होतं आणि तिचा हात चुकून ह्याच्या रांजणाला लागला. ह्यानं रांजण फोडला. तेवढ्यावर भागलं नाही. भावकीत थोर असलेल्या कुशाबाला बोलावून तुळजाबाईच्या नवऱ्याला भर चावडीत नाक घासायला लावलं. तुळजाबाईनं त्या दिवसापासून ह्या घराच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. साळूबाईशी बोलायची ती फक्त पाणवठ्यावर.

दिवाळी होऊन गेल्यावर कासारसाईहून एका धनगराकडून निरोप आला. साळूबाईची आई, सारजाबाई, अंथरुणाला खिळली होती. पोटात काही ठरत नव्हतं. भाऊ बाजीनं सांगून पाठवलं होतं, की आई तुझ्या हातचे घारगे मागती, येऊन करून घाल, जास्त दिवस न्हाईत.

साळूबाई पदर सावरून सासऱ्यापुढं उभी राहिली.

"मामंजी, आईला बघून येते. चार दिवसांत माघारी येते."

"चार दिवस?" गेणबा म्हणाला. "आन हितं कोण रांधणार? कोंडाजी?"

कोंडाजी बैलाच्या शिंगांना तेल चोळत होता. त्यानं मान वर केली नाही. धरणावर गाडीनं खडी वाहायचा, तिथल्या मुकादमाला घाबरायचा आणि घरी बापाला.

"तुळजाबाईंना सांगते दोन भाकरी थापायला."

"तिच्या हातचं मी खाईन?" म्हातारा हसला. "काय मागती म्हणालीस तुजी आई?"

"घारगे."

"भोपळा हाय का घरात?"

"हाय."

"मग आज आमालाच कर. लई दिवस झालं. जायचं उद्या बघू."

साळूबाईनं घारगे केले. भोपळा किसून गुळात शिजवला, तांदळाचं पीठ मळलं, पळसाच्या पानावर थापले, खुरासणीच्या तेलात तळले. जीव ओतून केले, कारण तिला वाटलं म्हातारा खूश झाला की सोडील. तिथंच ती चुकली. दुसऱ्या दिवशी गेणबा म्हणाला, "अशी हाताला चव असलेली बाई घराभाईर धाडायची म्हंजी आमी उपाशी मरायचं व्हय?"

ती रोज विचारायची. तो रोज जेवायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, उद्या बघू.

पाणवठ्यावर तुळजाबाई म्हणाली, "साळे, येडी हायेस तू. गोड घालून कुनी सुटतं का? करपव की एकदा. थू म्हणंल आन हाकलंल."

त्या रात्री साळूबाईनं खीर खाली लागू दिली. करपट वास ओसरीपर्यंत गेला. गेणबानं एक घास घेतला, वाटी खाली ठेवली. ओरडला नाही. म्हणाला, "पातेलं आण."

तिनं आणलं.

"बस. खा."

"मामंजी..."

"देवाच्या घरातलं अन्न हाय. टाकायचं न्हाई. समदं खा, माज्यासमोर."

ती खात गेली. काळे तुकडे घशाला ओरबाडत होते. अर्ध्यावर तिला उमासा आला, तेव्हा म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं पातेलं तिच्याकडं आणखी सरकवलं. कोंडाजी जवळच बसला होता. तो भाकरी मोडून कालवणात भिजवत राहिला, जशी काही पावसाची झड लागलीय आणि ती थांबवणं आपल्या हातात नाही. पातेलं रिकामं झाल्यावर गेणबा म्हणाला, "हाताला पुन्ना चव आली की मग बघू म्हायेरचं."

पुढं तिनं कधी करपवलं नाही. विचारलंही नाही.

एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ओट्याखाली माणूस येऊन उभा राहिला. कासारसाईचा भिवाजी, बाजीच्या शेजारचा. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. साळूबाई चुलीपाशी घारगे तळत होती. तिनं दारातून त्याला ओळखलं आणि कढई तशीच ठेवून पाण्याचा तांब्या भरून बाहेर आली. हसत आली. माहेरचं माणूस दिसलं की कुठलीही बाई हसते, त्यात तिचा काय गुन्हा.

"भिवादादा, पाणी घ्या. आई कशी हाय?"

भिवाजीनं तांब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं नाही.

"नगं बाई," तो म्हणाला. "पाणी नगं."

"वर तरी या, बसा."

"न्हाई. हितंच बरा हाय."

गेणबा लगबगीनं ओट्यावर आला. "तुजी कढई जळती बघ आत. जा."

ती आत गेली, पण चुलीपर्यंत गेली नाही. दाराआड भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दिवसभर चालून आलेला माणूस पाणी घेत नाही, उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही, तो काय घेऊन आलाय हे त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मेल्याची बातमी आणणारा पाणी पीत नाही. तांब्या तिच्या हातात होता तसाच भरलेला होता.

बाहेर भिवाजी हळू बोलला, "सकाळच्याला गेली. दुपारी उरकलं असंल. परवा राख सावडायची हाय. बाजीनं सांगितलंय, तवर तरी धाडा म्हणून."

"धाडतो की," गेणबा म्हणाला. "मी सांगतो तिला सबुरीनं. तू नीघ, अंधार पडंल."

भिवाजी गेला. कोंडाजी गोठ्यातून आला तसं म्हाताऱ्यानं त्याला बाजूला घेतलं.

"तिची आई मेली. बोलू नगंस."

"आबा, सांगाया पायजे."

"उद्या कुशाबाला जेवायला बोलावलंय का न्हाई? म्हातारी मेल्यापास्नं गेणबाच्या घरी गोडाचा घास मिळत न्हाई म्हणतो भाड्या. त्याला दाखवायचंय मला. आज हिला सांगितलं की लेकीचं तीन दिवसांचं सुतक लागलं, चुलीला शिवायची न्हाई. मग कुशाबाला काय, माती वाढू?"

"पण सुतकात..."

"ऐकलं न्हाई तवर सुतक लागत न्हाई. शास्तर हाय. परवा सांगू. मेलेलं माणूस काय पळून जातंय?"

कोंडाजी माघारी बैलांकडं गेला. नेहमीसारखा.

हे सगळं दाराआडून ऐकून साळूबाई चुलीपाशी आली. कढईतले घारगे एका बाजूनं काळे पडले होते. तिनं ते बाजूला काढले, नवे सोडले. रडली नाही. रडली असती तर ऐकलं असं झालं असतं, आणि उद्या चुलीपाशी दुसरं कुणी बसलं असतं. तिनं ताटं वाढली. गेणबानं पहिला घारगा देव्हाऱ्यात ठेवला, घंटा वाजवली आणि जेवायला बसला.

"कोण आलं हुतं मामंजी?" तिनं विचारलं.

"बैल बघायला आलता तुज्या गावचा. तुजी आई बरी हाय म्हणाला."

"बरं झालं," साळूबाई म्हणाली आणि त्याच्या वाटीत आणखी दूध ओतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळपासून कंबर बांधली. घरात होता नव्हता तो गूळ काढला. कण्यांची खीर केली, घट्ट, वरून जायफळ. घारगे केले, असे की बोटानं दाबले तर कापसासारखे. पाणवठ्यावर तुळजाबाईला एवढंच म्हणाली, "आज रातच्याला तुमच्या ओसरीवर निजायला जागा द्या." तुळजाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि का म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी कुशाबा आला, भावकीतले आणखी दोघे आले. देवाला नैवेद्य दाखवला. पंगत बसली. कुशाबानं पहिला घारगा खाल्ला, दुसरा खाल्ला, खिरीची वाटी दोनदा भरून घेतली.

"गेणबा, मानलं तुला," तो बोटं चाटत म्हणाला. "सून न्हाई, देवाचं देणं हाय."

"मग काय म्हणत हुतो मी?" गेणबा हिरड्या दाखवत हसला. "वाढ गं त्यांना, हात आखडू नगंस."

साळूबाईनं वाढलं. सगळ्यांच्या ताटात शेवटचा घारगा पडला, तोंडात गेला, आणि मग ती पंगतीसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर टाकला. सासऱ्यापुढं तिनं असं कधी केलं नव्हतं.

"कुशाबामामा, माझी आई मेली. काल सकाळी."

कुशाबाचा हात ताटातच राहिला.

"काल सांजच्याला निरोप आला. मी दाराआड उभी राहून ऐकला. तवापास्नं मी सुतकात हाय. काल ह्यांनी खाल्लं, आज तुमी खाल्लं. देवालाबी माज्याच हातचं दाखवलं."

चुलीत लाकूड तडकलं.

"खोटं बोलती रांड," गेणबा म्हणाला. "तिनं ऐकलं न्हाई. मी तिला सांगितलंच न्हाई."

हे तोंडातून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो.

"म्हंजी तुला ठावं हुतं," कुशाबा सावकाश म्हणाला. "गेण्या, तुला ठावं हुतं आन तू आमाला बोलावून जेवू घातलंस."

तो उठला, अंगणात गेला, घशात बोटं घालून ओकला. बाकीचे दोघेही उठले. जाताना कुशाबानं ओट्यावरचा पाण्याचा रांजण काठीनं फोडला. पाणी आतपर्यंत वाहत आलं, गेणबाच्या पाटाखाली शिरलं. "उद्या चावडीत ये," कुशाबा म्हणाला. "नाक घासायचं कसं ते तुला शिकवायला नगं."

कोंडाजीनं साळूबाईला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी करायचं सुचलं होतं, आणि ते हे. तिच्या ओठातून रक्त आलं.

"नीघ," म्हातारा म्हणाला. "जा कासारसाईला. आत्ताच्या आत्ता जा. पुन्ना तोंड दाखवू नगंस."

"हेच मागत हुते मी मामंजी," ती म्हणाली. "रोज मागत हुते."

गाठोडं तिनं सकाळीच बांधून ठेवलं होतं. रात्र तुळजाबाईच्या ओसरीवर काढून उजाडायच्या आत ती निघाली. डोंगर चढली, उतरली, कुठं बसली नाही. कासारसाईच्या ओढ्यापाशी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. राख सावडून, अंघोळी करून माणसं केव्हाच घरी गेली होती.

बाजी दारात बसला होता. डोकं भादरलेलं. तिला बघून उठला नाही.

"आता कशापायी आलीस?"

"दादा..."

"भिवाजीनं सांगितलं समदं. हसत पाणी घेऊन आलीस म्हणं. घरातनं तळणाचा वास येत हुता. घारगे तळत हुतीस, व्हय?"

साळूबाईला खोटं बोलता येत होतं, हे तिनं दोन दिवसांत शिकून घेतलं होतं. इथं ते चाललं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "तळत हुते."

"आई शेवटच्या दिवसापातूर दार लावू देत न्हवती. साळी येईल म्हणायची, घारगे घेऊन. जा आता. तुज्या सासऱ्याला वाढ जा."

तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

ती ओढ्यावर परत आली. जाळलेली जागा शेणानं सारवली होती, अजून ओली होती. मेलेल्याच्या आवडीचं खाणं तिथं पानावर ठेवतात तसं भावजयीनं ठेवलं होतं. पण कुत्र्यांनी पान ओढून नेलं होतं आणि काठावर उलटं टाकलं होतं. साळूबाईनं ते उचललं. पानाखाली अर्धा घारगा चिकटून राहिला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिनं मुंग्या झटकल्या आणि तो मोडून बघितला.

आत कच्चा होता. गूळही कमी पडला होता.