टिकल म्हणजे काय

“पॅडल गुदगुल्या करतं?” कंपनीच्या एचआर मिनल मॅडमनी शिफ्टचं रजिस्टर भीमराजपुढं सरकवलं. “अक्षर तुमचंच ना, काका?”

अक्षर त्याचंच होतं. वळणदार इंग्रजीत एकच ओळ: ‘पॅडल ऑफ प्रेस फोर इज टिकल.’ खाली सही. तारीख सोमवारची. मंगळवारी पहिल्या शिफ्टला पत्रा दाबणाऱ्या त्याच चार नंबर प्रेसवर हर्षालीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

“उद्या चौकशीला बाहेरचे साहेब येतायत. त्यांना सांगा, गंमत केली होती. एवढंच.”

“आणि हर्षालीचं?”

“तिनं डायमध्ये हात घातला, नियम मोडला. तुमच्या रिटायरमेंटला किती राहिलेत?”

“चौदा महिने.”

“मग झालं तर,” मॅडम म्हणाल्या. आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. भीमराजला तेच जास्त लागलं.

चाकणच्या या कंपनीत तो तीस वर्षं सेटर होता. प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवायची, मशीन तपासून पुढच्या शिफ्टच्या हवाली करायचं. नवा होता तेव्हा एका इंजिनिअरनं त्याचा इंग्रजीतला रजेचा अर्ज कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. लोक पोट धरून हसले. त्याच रविवारी त्यानं पिंपरीतल्या रद्दीवाल्याकडून पुठ्ठा सुटलेली जाडजूड डिक्शनरी आणली. चालू इंग्रजीत साहेब लोक आपल्या पुढंच राहणार, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं वापरातून गेलेले शब्द धरले. हिवाळ्यातल्या उन्हाच्या उबेला ॲप्रिसिटी. येत्या परवाला ओव्हरमॉरो. दुसऱ्याच्या ताटाकडं आशेनं बघत बसण्याला ग्रोक. “सर, ग्रोक म्हणजे?” असं तो सहज विचारायचा. सर गप्प झाले की त्याचा दिवस चांगला जायचा.

टिकल म्हणजे आज गुदगुल्या. पण काही शतकांपूर्वी त्याचा अर्थ होता, जरा धक्का लागला की सुटणारं, उंदराच्या सापळ्याच्या खटक्यासारखं. सोमवारी चार नंबरच्या पॅडलला बूट नुसता टेकला तरी प्रेस खाली येत होती. ते पाहून भीमराजला आधी हा शब्द आठवला, आणि आनंद झाला. पुढच्या शिफ्टच्या कुणीतरी त्या ओळीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली हसरे चेहरे. तो भीमराजनं घरी जेवताना पाहिला होता. एवढ्या जणांत एकालाही अर्थ लागला नाही म्हणून तो खूश झाला होता.

मिनल मॅडमकडून निघाला तो दोन स्टॉप आधीच बसमधून उतरला. पुढं गेला, मागं आला, घरी पोचल्यावरही टेकेना. कधी गॅलरीत, कधी मोरीपाशी, कधी नुसताच दारात.

“पायाला भिंगरी लागलीय का?” बायको केसरबाई म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती.

“खरं सांगितलं तर काय करतील?”

“विचारतील, साधं का नाही लिहिलं.”

“मग विचारू द्या की.”

दुसऱ्या दिवशी तो डिक्शनरी पिशवीत घालून गेला. चौकशीच्या साहेबांनी त्यानं डिक्शनरीत दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मिनल मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

“म्हणजे ही धोक्याची सूचना होती?”

“होय, साहेब.”

“मग ‘पॅडल खराब आहे’ असं का नाही लिहिलं?”

भीमराजचे पाय टेबलाखाली हलत होते. “कुणाला येत नाही असा शब्द होता, म्हणून लिहिला. प्रेसला लाल टॅग लावून बंद करायचा अधिकार मला होता. तोही वापरला नाही.”

“हे लिहून द्याल?”

त्यानं मराठीत लिहून दिलं. चार ओळी. एकही शब्द कुणाला विचारावा लागला नसता.

अपघाताच्या नोंदीत हर्षालीच्या नावापुढचं ‘कामगाराची चूक’ खोडलं गेलं. आणि तिसऱ्या दिवशी गेटवर भीमराजचं कार्ड चालेना. तुमची चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही, असं पत्र वॉचमननं हातात दिलं. तो तसाच चालत हर्षालीच्या गावाकडं निघाला.

“कंपनीतलं हाय व्हय? बसा,” हर्षालीची सासू गिरजाबाई म्हणाली. हर्षाली पडवीत बसली होती. उजवा हात पट्टीत, पुढ्यात सही राहिलेला तिच्या जबाबाचा कागद.

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

“काका, सोमवारी सुटताना गेटवर भेटला होतात तुम्ही. ‘उद्या फर्स्ट शिफ्ट का?’ म्हणून विचारलंत,” ती म्हणाली. “तोंडानं का नाही सांगितलं?”

“सुचलं नाही. डोक्यात शब्दच होता.”

तिनं जबाबाचा कागद जवळ ओढला. माफही केलं नाही, जा म्हणूनही म्हणाली नाही.

“अंगठा दे अन् मोकळी व्हय,” गिरजाबाई म्हणाली.

“अंगठा न्हाई, आत्या.” हर्षालीनं डाव्या हातात पेन धरलं. टोक टेकवलं की कागद सरकायचा. भीमराज पुढं होऊन उकिडवा बसला आणि कागदाच्या दोन्ही कडा दाबून धरल्या. ‘ह’च्या वळणाशी पेन अडलं, घसरलं, पुन्हा मागं आलं.

“घाई न्हाई,” तो म्हणाला.

तिनं नाव पुरं केलं. मग थांबली, मागं गेली, आणि राहिलेला रफार दिला, थोडा तिरका.