दुसरे घराणे

“तोंड उघड गं बाई. किती नखरे करशील!”

जनीराने एका हाताने कासवाची मान पेलली आणि दुसऱ्या हाताने कोबीच्या पानाची सुरळी त्याच्या चोचीशी नेली. कासवाला पान दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी चढल्या होत्या आणि मानेखाली तशीच आणखी एक. बराच वेळ हटून बसल्यावर त्याने पान ओढले, तशी जनीरा हसली.

हे कासव तिच्या नवऱ्याच्या, ओझोरियोच्या जाळ्यात सापडले होते. त्याच्या लहानपणी अशा कासवाचे थेट कालवण झाले असते. या वेळी त्याने ते ओल्या गोणपाटात गुंडाळून गावातल्या कासव केंद्रावर आणले. जनीरा तिथेच टाक्या घासायची आणि आजारी कासवांना भरवायची. अर्धे आयुष्य मासे साफ करण्यात घालवलेल्या बाईला हे काम सोपे वाटायचे. वास मात्र तोच होता.

केंद्राच्या डॉक्टरीणबाई लिओकादिया यांनी गाठी कापून काढल्या. उजवा डोळा शाबूत निघाला. डाव्या गाठीखाली डोळा उरलाच नव्हता. गाठींचे तुकडे तपासणीसाठी व्हितोरिया शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. कासव मात्र जनीराच्या हातूनच खायचे.

घरी या हातांचीच अडचण झाली होती. शेजारच्या दारात मुलगा आणि सून राहत. सून रोझिमेरीला तान्ही मुलगी होती, लुआना. पहिले मूल पोटातच गेल्यापासून रोझिमेरी वाऱ्यालाही भ्यायची. ती सासूला रोज कॉफी द्यायची, पण दाराबाहेर पायरीवर.

“राग मानू नका, आई. पण दिवसभर त्या गाठींना हात लागतात तुमचे.”

“साबणाने कोपरापर्यंत धुते गं.”

“धुता हो. तरी पण.”

जनीरा पायरीवर बसून कॉफी प्यायची आणि खिडकीतून नातीचे पाय हलताना बघायची.

तपासणीचा निकाल आला, तेव्हा डॉक्टरीणबाई हरखून गेल्या होत्या.

“जनीराबाई, या गाठी एका विषाणूमुळे होतात आणि त्याची घराणी असतात. आपल्या खाडीतल्या कासवांत आजवर एकच सापडत होतं. हिच्या डोळ्यांवर तेच आहे. मानेखालच्या गाठीत मात्र निराळंच निघालं! वर कॅरिबियनकडच्या कासवांत असतं, तसं.”

“म्हणजे ही पोर तिकडून आलीय?”

“ही आली, की तिकडून आलेल्या दुसऱ्या कुणी हिला दिलं, ते कळायला मार्ग नाही.”

“आणि माणसाला?”

“माणसात आजवर कुठेच सापडला नाही. कासवांचा आहे, कासवांतच राहतो.”

त्या दिवशी जनीरा भराभर चालत घरी आली आणि पायरीवरूनच तिने सगळे सांगून टाकले. रोझिमेरीने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले.

“कालपर्यंत एक होता. आज दोन निघाले. उद्या तिसरा निघाला, तर तो कुणाचा असेल, हे सांगतील का तुमच्या डॉक्टरीणबाई?”

दुसऱ्या दिवशी जनीराने तोच प्रश्न डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मला भीती वाटत नाही. नाहीतर मी रोज यात हात घातला असता का? पण उद्याची हमी मी देऊ शकत नाही. सूनबाई वेडंवाकडं काही विचारत नाहीयेत.”

हे ऐकून जनीराला का कोण जाणे, बरे वाटले. सून वेडी नव्हती, एवढे तरी ठरले.

ओझोरियो मात्र वैतागला. “सोड की ते काम! नातीपेक्षा कासव मोठं झालं का?”

“माझ्याशिवाय खात नाही ती.”

“मी जेवलो का, हे कधी विचारलंस?”

“तुला तोंड उघड म्हणून सांगावं लागत नाही.”

तो हसला आणि विषय तिथेच राहिला. जनीरा कामावर जात राहिली, पायरीवर बसत राहिली.

पुढे कासव एका डोळ्याने बघून स्वतः पाने ओढू लागले. तेव्हा त्याला सोडायचे ठरले. सकाळी निम्मे गाव किनाऱ्यावर जमले. रोझिमेरीही आली, पण कासवाकडचा वारा लागणार नाही अशा बाजूला मुलीला घेऊन उभी राहिली.

“गाठी परत येतील का हो हिला?” जनीराने विचारले.

“येऊ शकतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दोघींनी कासव उचलून पाण्यात ठेवले. ते क्षणभर आंधळ्या बाजूला कलले, मग वळले, आणि बघता बघता हिरव्या पाण्यात दिसेनासे झाले. जनीरा तशीच गुडघाभर पाण्यात उभी राहिली. उद्या भरवायला कुणी नव्हते.

ती परत फिरली, तेवढ्यात मोठी लाट आली. माणसे ओरडत मागे पळाली. रोझिमेरीच्या पायातली एक चप्पल निघून पाण्याबरोबर चालली.

“अहो आई, धरा हिला! चप्पल गेली माझी!”

“अगं, हात—”

“धरा हो!”

जनीराने दोन्ही बाहू पुढे केले. लुआना तिच्या कोपरांच्या खोबणीत अलगद येऊन विसावली. रोझिमेरी झगा वर धरून चपलेमागे धावली. चप्पल हाती लागली, तरी ती लगेच वळली नाही. पाण्यात उभी राहून सासूकडे बघत राहिली.

जनीराचे तिच्याकडे लक्षच नव्हते. तिने नातीला छातीशी धरले होते आणि दोन्ही ओले तळवे मुलीपासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडे ठेवले होते. ते वाऱ्यावर हळूहळू वाळत होते.