बावीस वर्षांचं ०.०८

मानवी संस्कृती दोनच गोष्टींवर उभी आहे, अग्नी आणि अर्थिंग; बाकी सगळी सजावट. हा सिद्धांत अर्थिंगकाकांनी कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याला ऐकवला. पहारेकऱ्याने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाला, "बरोबर आहे साहेब. पण शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

काका आडोशाला जाऊन सुलट होऊन आले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी बाटल्यांच्या त्या कारखान्यात तापलेल्या काचेचा वास तोच होता. पॅनेलच्या खोलीचं हिरवं दारही तेच, ढकलायच्या जागी तळव्यांनी काळवंडलेलं. त्या काळ्यात निम्मा वाटा आपला आणि निम्मा लांबूचा, असं काकांचं मत होतं.

लांबू हा त्यांचा वायरमन. बल्ब बदलायला त्याला कधी शिडी लागली नाही, आणि स्वतःचं कौतुक ऐकायला कधी वेळ मिळाला नाही. तो जाऊन चार वर्षं झाली. त्याची मुलगी आता इथेच इंजिनियर होती आणि तिनेच काकांना बोलावलं होतं. कारण अर्थ लूप मोजायचं नवं यंत्र निवडायचं होतं. वीज वाट चुकून मशीनच्या अंगात शिरली, तर ज्या वाटेने ती माघारी जाते तिला अर्थ लूप म्हणतात. त्या वाटेत अडथळा जितका कमी, तितका विजेचा लोंढा मोठा. आणि तो लोंढा पेलून तोडील इतका दणकट ब्रेकर लागतो.

"नव्या पॅनेलचे ब्रेकर तुमच्या रजिस्टरवरूनच मागवतोय, काका," ती म्हणाली. "बावीस वर्षं ओळीने ०.०८ ओहम. केसाइतका फरक नाही."

"नसणारच," काका म्हणाले. विनय त्यांना फारसा जमत नसे, पण प्रयत्न दिसला.

आत टेबलावर तीन यंत्रं मांडली होती. एक काकांचं जुनं, कोपरे झिजलेलं. दुसरं खिशात मावेल एवढं.

"हे हलकं आहे, आणि मोजताना कुठला स्विच पडत नाही," ती म्हणाली.

"घरात वापरायला छान आहे. इथे ट्रान्सफॉर्मर भिंतीपलीकडे, म्हणजे वाट अगदी आखूड. अडथळा इतका बारीक, की याचा शेवटचा आकडा म्हणजे नुसता अंदाज. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर नथ तोलायची का?"

तिसरं पेटीएवढं होतं, चार वायरींचं. दोन वायरी दणकून करंट सोडणार, उरलेल्या दोन फक्त मोजणार. म्हणजे वायरींचा स्वतःचा अडथळा हिशेबातच येत नाही. तिने हातमोजे चढवले, टोकं पॅनेलला लावली. आकडा आला ०.०१९.

"बिघडलंय," काका म्हणाले.

पुन्हा ०.०१९. मग जुनं लावलं. ते इमानी कुत्र्यासारखं लगेच ०.०८ म्हणालं.

"बघ."

"तुम्ही म्हणाल तेच लिहीन, काका. मॅनेजर म्हणालेत, काकांचा शब्द शेवटचा." ती हे मनापासून बोलत होती, हीच पंचाईत होती.

काका नेहमीच्या सवयीने जुन्या वायरी कोपर आणि पंजाभोवती गुंडाळू लागले. मध्येच बोटांना गाठीसारखं काही लागलं. दुसऱ्या वायरीलाही तसंच. वरची नळी सरकवली तर खाली नीटस जोड, आणि चिकटपट्टीचं टोक त्रिकोणी दुमडलेलं. पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं म्हणून टोक असं दुमडणारा या कारखान्यात एकच होता.

"हे बाबांचं," ती जोडाकडे बघत म्हणाली. "घरी बोलले होते एकदा. पहिल्या वर्षी इथे ठिणगी उडाली ना? मग त्यांनी दोन्ही वायरी अडीच-अडीच मीटर वाढवल्या. म्हणाले, साहेबांना सांगायचं नाही. ते घाबरत नाहीत, त्यांना फक्त लांब उभं राहायला आवडतं."

काकांनी दाराकडे पाहिलं. तिथेच उभे राहायचे ते, यंत्र पोटाशी धरून. टोकं पॅनेलला धरायचा लांबू. "किती आलं साहेब?" तो तिथून विचारायचा, आणि आकडा ऐकून इतका खूश व्हायचा, जणू मुलीचा पेपरातला नंबर. यंत्र दरवर्षी तपासणीला जाई. वायरी मात्र कपाटातच राहत. मग कँटीनमध्ये काका नव्या लोकांना सांगत, की पॅनेलसमोर छाती काढून उभं राहावं लागतं. शेजारी बसलेला लांबू मान डोलवत चहा पीत असे. बावीस वर्षांत एकदाही हसला नव्हता.

आकडा का बदलला नाही, हे आता उघड होतं. काका मुख्यतः लांबूची तांब्याची तार मोजत आले होते, आणि तिच्यात बदल व्हायचं काही कारणच नव्हतं.

एक शब्द बोलले असते, तर नवं यंत्र परत गेलं असतं आणि रजिस्टर तसंच पूज्य राहिलं असतं. ब्रेकर मात्र चौपट लोंढ्यापुढे लेचेपेचे आले असते. काकांनी रजिस्टर ओढलं, पेन मागितलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: मागील सर्व नोंदींत वायरींचा अडथळा मिसळला आहे. खरा आकडा ०.०१९. नवे ब्रेकर त्यावरून घ्यावेत, चालू पॅनेलचे आजच तपासावेत. यंत्र चार वायरींचंच घ्यावं. खाली सही केली.

"जोड कोणी दिला, ते नाही लिहिलंत," ती हळूच म्हणाली.

"मोजणारा मी होतो."

काका जुन्या यंत्रावर हात ठेवून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, ओठ आवळलेले होते. ती आवाज न करता दारापाशी सरकली.

"काका, थोडा वेळ एकटे थांबता का?"

"नको गं बाळ," काका म्हणाले. "फाटकावर पाहुण्यांसाठीचे बूट दिलेत, ते एक नंबर लहान आहेत. डावा तेवढा ओढून काढ."