बापूंच्या पानाखाली

"निकल! निकल पापी!" मूषकबापू गरजले आणि त्यांनी पोराच्या बेंबीवरचं विड्याचं पान उचललं. पानावर तीन पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. बडोद्याच्या समा भागातली आमची अख्खी सोसायटी आवारातल्या देवळापुढे जमली होती. बायकांनी हात जोडले. तिसऱ्या मजल्यावरच्या चारुलताबेन आपल्या मुलीला ओढत पुढे घुसल्या, "बापु, मारी दीकरीने पण जुओ ने!"

बापू मंद हसले. "सबको देखेंगे, बेन. पण पहेले ये बोलो, मूषक कौन? गणपतिदादा का वाहन! उसको पिंजरे में डालोगे, तो रोग किस के पेट में जायेगा?"

"आमच्या!" लोक एका सुरात ओरडले. त्यात माझाही आवाज होता, हे सांगताना आजही मान खाली जाते.

मी दीनानाथ, या सोसायटीचा अध्यक्ष. कोयलीच्या रिफायनरीत एकतीस वर्षं तेलाचे नमुने तपासले. बाटलीचं सील जरा जरी उचकटलेलं दिसलं, तरी नमुना परत पाठवायचो. आणि त्याच मी, बापूंच्या एका शब्दावर, सोसायटीतले सगळे पिंजरे स्वतः सही करून उचलायला लावले. का? नात मोहना, वय वर्षं सात, तिचं पोट दुखत होतं आणि बापूंच्या पानावर तिचेही "जंत" निघाले होते. त्या दिवशी तिला बरं वाटलं. मुलांची साधी पोटदुखी अशीही थांबते, एवढंही मला सुचलं नाही.

उपचार एकवीस दिवसांचा होता. रोज सकाळी बापूंची कुलेर खायची. कुलेर म्हणजे बाजरीचं कच्चं पीठ, त्यात गूळ नि तूप. बडोद्यात ती श्रावणात घरोघरी होते, आम्हा मराठ्यांच्या घरीही. प्रसादाच्या पिठाची पोती जिन्याखालच्या खोलीत होती. पिंजरे गेल्यावर तिथे उंदरांचं राज्य झालं. पोत्यांवर लेंड्या दिसल्या की चारुलताबेन त्या हाताने झटकून टाकत आणि म्हणत, "मूषकराज जमी गया," म्हणजे जेवून गेले. मग त्याच पिठाची कुलेर करून पोरांना देत.

दहाव्या दिवशी मोहना माझ्या कानाशी आली. "आजोबा, बापूंच्या जंतांना पाय आहेत. पुढे छोटे छोटे सहा. डोकं पण तपकिरी आहे. पिठाच्या डब्यात निघतात ना, तशाच त्या."

"चूप! देवासमोर असं बोलू नये," मी म्हणालो.

महिनाभराने पोरगी वाळली. भूक नाही, पोटात कळा, रात्री चिडचिड. सूनबाईने मला न विचारता तिला गोत्रीच्या डॉक्टर निरुपमांकडे नेलं. मी मागून गेलो. तपासणीचा कागद वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"काका, शौचात उंदराच्या फीतकृमीची अंडी आहेत. हा जंत खरा उंदराच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी लेंडीतून पडतात, पिठातले अळ्या-किडे ती खातात आणि तो किडा माणसाच्या पोटात गेला की जंत तिथे वाढतो. हिने कच्चं पीठ खाल्लं होतं का?"

रोजचा घास मीच भरवला होता.

"घाबरू नका, औषधाने जाईल," त्या म्हणाल्या. "पण ज्यांनी ज्यांनी ते पीठ खाल्लं, त्या सगळ्या मुलांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आरती झाली आणि बापूंनी पहिलं पान हातात घेतलं. मी ते हिसकावून घेतलं आणि सरळ देवळापुढच्या लाकडी बाकावर ठेवलं. वर तळवा दाबून धरला. मिनिटभराने पान उचललं. खाली चार अळ्या!

"बापू, बाकालाही जंत झालेत," मी म्हणालो. "त्यालाही कुलेर द्यायची का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी पान नखाने सोललं. एक नव्हे, गुळाच्या पाकाने चिकटवलेली दोन पानं होती आणि मध्ये अळ्यांची जागा. अंगाची ऊब लागली, पाक सैलावला की त्या बाहेर येत. अळ्या आमच्याच पोत्यांतल्या होत्या. बापू "श्रद्धा नहीं है यहाँ!" म्हणत चपला शोधू लागले. त्यांना पळवून लावल्याचा आनंद मला झाला नाही. पिंजरे त्यांनी नव्हते उचलले.

सगळ्यांसमोर मी तेच सांगितलं, "बापूंनी फसवलं ते पानाने. पण पोरांच्या पोटात जंत गेले ते माझ्या सहीने आणि आपल्या सगळ्यांच्या हातांनी. पीठ फेकून द्या, खोली धुवा, पिंजरे लावा. आणि यापुढे कोणी चमत्कार दाखवला, तर नमस्काराआधी पान उलटून बघा. देव त्याने रागावणार नाही."

चारुलताबेन पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यांच्या मुलीसकट आणखी चार मुलांत तोच जंत निघाला. औषधाने सगळी बरी झाली.

घरी मोहनाने गोळी गिळली, पाणी प्यायली आणि विचारलं, "आजोबा, त्या अळ्यांचे पाय तुम्हाला दिसले नव्हते?"

"मी बघितलंच नव्हतं, बाळा," मी म्हणालो. "तू सांगितलंस, तेव्हाही नाही."