कंसातली सात नावं

वराळ्याच्या अम्मारानं तिच्या संशोधनाच्या फॉर्मचं मराठी करायला माझ्याकडे दिलं. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल केली. त्यामुळे माझं मराठी चांगलं असणार, असा तिच्या वडिलांचा, वाहिदभाईंचा, गैरसमज होता.

काम तिनं चहा पिता पिता समजावलं. अफूच्या जातीची वेदनाशामकं शरीरात ठरावीक जागी जाऊन बसतात. तिथंच बसेल असा प्रथिनाचा चिमुकला तुकडा, पेप्टाइड, तिनं चार वर्षं खपून बनवला होता. त्याला किरणोत्सारी गॅलियम जोडायचं, शिरेतून सोडायचं आणि स्कॅनमध्ये त्या जागा उजळतात का बघायचं. गॅलियम अडुसष्ट मिनिटांत निम्मं होतं.

"माझ्या वाचकांसारखं," मी म्हणालो.

"हसू नका, काका. उंदरांत छान दिसलं. आता साठीपुढची तीन धडधाकट माणसं हवीत. त्यांच्यात दिसलं नाही, तर आमचे सर प्रकल्प गुंडाळणार."

फॉर्मात एक प्रश्न होता: ओपिऑइड घेता का? पुढे कंसात सात गोळ्यांची नावं. मी लिहिलं, 'आपण अफू अथवा अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करता का?' कंस बोजड दिसत होता. काढून टाकला.

"नावं राहिली," अम्मारा म्हणाली.

"अगं, खेड्यातल्या माणसाला इंग्रजी नावं कशाला?"

तिनं मान डोलावली. मंजुरी देणाऱ्या समितीनं तर भाषेची तारीफ केली.

माणसंही मीच दिली: इंदुरीचे भिकाजी आणि त्यांचे दोन दोस्त, श्रीपती आणि बाजीराव. प्रश्न मी मोठ्यानं वाचला. भिकाजी लालबुंद झाले.

"भाऊ, माळकरी मानसाला अफू इचारता व्हय? सुपारी बी खात न्हाई आमी!"

"आबा, दुखण्याच्या गोळ्या वगैरे?" अम्मारानं विचारलं.

"पुरे गं, किती अपमान करशील त्यांचा!" मी म्हणालो. सगळे हसले. तीही हसली आणि तिनं 'नाही'वर खूण केली.

स्कॅनमध्ये मूत्रपिंडं दिसली, मूत्राशय दिसलं. बाकी अंधार. तिघांतही. सरांनी प्रकल्प बंद केला.

दोन महिन्यांनी इंदुरीला भिकाजींकडे बसलो होतो. त्यांच्या पत्नी चिमाबाईंनी पाण्याबरोबर एक गोळी आणून दिली. पाकिटावर वाचलं: ट्रामाडोल. कंसातलं पहिलंच नाव.

"हे काय?"

"गुडघ्याची गोळी. तिघांची बी एकच. डागदर बी एकच," चिमाबाई म्हणाल्या.

"स्कॅनच्या दिवशी घेतली होतीत?"

"मग! येवढ्या लांब जायाचं, तर गुडघं नगं का चालाया?" भिकाजी म्हणाले.

म्हणजे जागा आधीच भरलेल्या होत्या. अम्माराचं पेप्टाइड आत जाऊन, बसायला कुठंच न मिळता, लघवीवाटे परत आलं होतं.

ती आता एका साबणाच्या कारखान्यात फेस तपासते. तिला सगळं सांगितलं.

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, काका," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "फक्त अब्बांना सांगू नका. तुमच्या मराठीवर जीव आहे त्यांचा."

त्याच दिवशी सरांना पत्र लिहिलं. चूक माझी, कंस मी गाळला, मुलीचं काम खरं असू शकतं, एकदा पुन्हा तपासा. एकही विनोद न करता लिहिलेलं माझं पहिलं पत्र.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'तुमचा जुना वाचक आहे. पत्र सगळ्या विभागाला वाचून दाखवलं. पोट धरून हसलो. असेच लिहीत राहा.'